जुन्या पिकअपच्या वायरिंग आणि इंजिनच्या किरकोळ तक्रारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी पिकअप वापरणाऱ्यांचे प्रश्न एकत्र ठेवले की शब्द वेगळे असतात, दुखणी मात्र फिरून तीच निघतात. ती इथे एका जागी लिहिली आहेत. उत्तरं १२ व्होल्टच्या, कार्ब्युरेटर असलेल्या पेट्रोल गाड्यांना आणि मेकॅनिकल पंप असलेल्या डिझेल गाड्यांना धरून आहेत. ज्या गाडीचं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं तिला यातला बॅटरी, अर्थ (करंटची बॅटरीकडे परतीची वाट) आणि कूलिंगचा भाग लागू पडतो, बाकीचा नाही. एक आग्रह सगळीकडे दिसेल: कुठलाही पार्ट बदलण्याआधी मोजून बघा. जुन्या गाडीत चांगले पार्ट फुकट बदलले जातात आणि खरा दोष एखाद्या गंजलेल्या बोल्टखाली तसाच राहतो.

१. मला मेकॅनिकचं काम येत नाही. घरी तपासायला किमान काय लागेल?

डिजिटल मल्टीमीटर, साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प, पान्यांचा एक सेट, पक्कड, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि चांगली टॉर्च. एवढ्यात खालची बहुतेक कामं होतात.

मल्टीमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला, असं बरेच जण विचारतात. मल्टीमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब पेटायला मात्र त्या वायरमधून खरोखर करंट जावा लागतो. मीटर १२ दाखवतोय आणि लॅम्प मिणमिणतोय, असं झालं की दोष त्याच वायरीत किंवा तिच्या जोडावर आहे.

काम सुरू करण्याआधी अंगठी आणि धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी लावायची. पॉझिटिव्हचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर जो भडका उडतो, तो या क्रमामुळे टळतो.

२. चावी फिरवली तरी गाडी चालू होत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी कान द्या. काहीच आवाज नाही, नुसता "टक" आवाज येतो, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) जड फिरतो, किंवा सेल्फ झकास फिरतो पण इंजिन पकडत नाही, अशा चार गोष्टी आहेत आणि चारही वेगळ्या दिशेला नेतात.

कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि हेडलाइट लावून समोर उभे राहा. सेल्फ मारताना दिवे पार विझले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि आवाजही नाही, तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) हुकूमच पोचत नाहीये. सोलेनॉइडच्या बारीक वायरीला टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवली की हे लगेच कळतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर न्यूट्रलमध्ये टाकून पुन्हा बघा. गिअरच्या दांड्याखालचा सेफ्टी स्विच झिजलेला असतो.

टक आवाजासाठी प्रश्न ३, जड फिरणाऱ्या सेल्फसाठी ४ आणि ५, सेल्फ फिरून इंजिन न पकडणाऱ्या गाडीसाठी ११ आणि १२ पाहा.

३. सेल्फ मारला की नुसती "टकटकटक" होते. सेल्फ गेला का?

भराभर टकटक होत असेल तर बहुधा सेल्फ चांगला आहे. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, बॅटरीचे व्होल्ट कोसळतात, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. हे सगळं बॅटरी किंवा तिचे जोड कमजोर असल्याचं लक्षण आहे.

एकच ठसठशीत "टक" आणि मग शांतता, हे वेगळं. तेव्हा सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे संपर्क जळलेले असतात किंवा सेल्फचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. लाकडी दांड्याने सेल्फच्या बॉडीवर हलकेच ठोकल्यावर एकदा फिरला, तर ब्रशच समजा. ती सोय घरी पोचण्यापुरती आहे.

४. बॅटरी चांगली आहे की गेली, हे मीटरवर कसं ओळखू?

गाडी बंद करून काही तास उभी राहू द्या, मग मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. नुकतीच गाडी चालवून आलात तर मीटर खोटा जास्त आकडा दाखवतो. हेडलाइट मिनिटभर लावून विझवा आणि थोड्या वेळाने मोजा.

हा आकडा बॅटरी किती भरली आहे एवढंच सांगतो, तिच्यात ताकद किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी सेल्फ मारत असताना मोजायचं. भरलेली बॅटरी सेल्फच्या ओढीखाली साधारण ९.६ व्होल्टच्या वर टिकली पाहिजे. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ वर येत असेल तर तिची प्लेट गेली आहे, कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही. थंडीत हा आकडा थोडा खाली येणारच, तेवढी सूट द्या.

झाकणं उघडता येणाऱ्या बॅटरीत सहा घरं असतात. प्रत्येकातलं पाणी प्लेटांच्या वर आहे ना ते पाहा आणि कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. एकाच घरातलं पाणी सारखं कमी होत असेल तर ते घर खराब झालंय. सहाही घरांतलं उतरत असेल तर बॅटरी जास्त चार्ज होत असावी, प्रश्न ७ पाहा.

५. नवी बॅटरी टाकली, सेल्फही दुरुस्त करून आणला, तरी सकाळी सेल्फ जडच फिरतो. आता काय राहिलं?

दोघांच्या मधली वाट राहिली. हा प्रश्न माझ्या जिवाच्या जवळचा आहे, कारण माझ्या स्वतःच्या पिकअपला एका गॅरेजने याच तक्रारीसाठी नवी बॅटरी आणि दुसरा सेल्फ बसवला होता आणि गाडी होती तशीच राहिली.

करंट बॅटरीतून निघून सेल्फपर्यंत गेला की काम संपत नाही, तो इंजिन आणि चासीमधून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून) बॅटरीच्या निगेटिव्हला परत यावा लागतो. जाडजूड लाल केबल सगळे बघतात, परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही. ती वाट म्हणजे इंजिन आणि चासीला जोडणारी विणलेली पट्टी आणि बॅटरीपासून बॉडीला येणारी काळी केबल.

सेल्फ सहज १५० ते २०० अँपियर ओढतो, डिझेलचा त्याहून जास्त. एवढ्या करंटला वाटेत ओहमच्या शंभराव्या भागाचा अडथळा आला तरी २ व्होल्ट तिथेच जिरतात. साध्या मल्टीमीटरच्या ओहमच्या रेंजवर इतका बारीक अडथळा दिसतच नाही. मीटर "केबल चांगली आहे" असंच सांगतो. म्हणून सेल्फ फिरत असताना व्होल्ट मोजायचे.

मी केलं ते असं. मीटर व्होल्टवर ठेवला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, म्हणजे शिशावरच, क्लॅम्पवर नाही. लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर, खरवडून उघड्या केलेल्या लोखंडावर. मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा आला १.९. तिथे जवळजवळ शून्य यायला हवा, ०.२ पर्यंत चालतो. मग ब्लॉकवरची पिन एकेक टप्पा मागे आणत गेलो. चासीवर ठेवली तर ०.१. म्हणजे बॅटरी ते चासी ठीक, चासी ते इंजिन बिघडलेलं. पट्टी वरून धडधाकट दिसत होती, बोल्टही घट्ट होता. तो उघडला तेव्हा पट्टीच्या टोकाच्या गोल तुकड्याखाली हिरवट भुकटीचा थर आणि त्याखाली चासीचा रंग निघाला. लोखंड पांढरं दिसेपर्यंत घासलं, पट्टीचं टोक घासलं, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर ०.१५. सेल्फने लगेच उडी घेतली.

लाल बाजूही तशीच मोजा: लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळी सेल्फच्या जाड बोल्टवर. सेल्फ मारताना ०.५ पेक्षा जास्त आलं तर केबल, क्लॅम्प किंवा सोलेनॉइड यांपैकी काहीतरी खातंय. इंजिन पकडू नये म्हणून पेट्रोल गाडीत कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या पार्टची) वायर आणि डिझेलमध्ये स्टॉप सोलेनॉइडची (डिझेलचा पुरवठा बंद करणाऱ्या झडपेची) वायर काढून ठेवा.

अर्थ खराब असल्याची आणखी एक खूण आहे. सेल्फचा करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि अॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलीतून जाऊ लागतो. सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली तर आणखी काही मोजायची गरज नाही, अर्थची पट्टी आधी बघा.

६. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. चोर कुठे आहे, हे कसं शोधू?

बॅटरी स्वतः चांगली आहे याची खात्री प्रश्न ४ प्रमाणे करून घ्या. मग चावी बंद, दारं बंद, बोनेटखालचा दिवा असेल तर बल्ब काढलेला. निगेटिव्ह केबल सोडवा आणि मीटर १० अँपियरच्या रेंजवर ठेवून बॅटरी आणि केबल यांच्या मध्ये लावा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जातो.

घड्याळ आणि रेडिओच असलेल्या जुन्या गाडीत ०.०३ अँपियरच्या आसपास ठीक आहे. ०.४ दिसत असेल तर ५ वॉटचा एखादा बल्ब रात्रंदिवस पेटतोय, बहुधा कप्प्यातला. तेवढा बल्ब दिवसाला जवळपास १० अँपियर-तास पितो, म्हणजे ६० ची बॅटरी तीन दिवसांत अर्धी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या लाइनीवर.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा तसाच? मग अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) जाड वायर काढून बघा. त्याचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) गळका असेल तर बॅटरी उलट्या वाटेने रिकामी होते. रात्रभर उभ्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी, चालू करण्याआधी, हात लावा. थंडगार इंजिनावर तो कोमट लागला तर डायोडच गेला आहे.

७. गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा पेटतो. तशीच चालवू का?

आधी फॅन बेल्ट बघा. बऱ्याच गाड्यांत तोच बेल्ट वॉटर पंपही फिरवतो. बेल्ट तुटला असेल तर जागीच थांबा, नाहीतर इंजिन तापून मोठं काम निघेल. बेल्ट शाबूत असेल तर दिवे, हीटर, रेडिओ बंद ठेवून मुक्कामापर्यंत जाता येतं. पेट्रोल गाडी बॅटरी संपली की बंद पडते. मेकॅनिकल पंपाची डिझेल चालत राहते, पण स्टॉप सोलेनॉइडला करंट लागत असेल तर तीही शेवटी थांबते.

घरी आल्यावर गाडी जरा रेस करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ पाहिजे. १२.६ च्या खाली आणि उतरत चाललेलं असेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचे व्होल्ट आवरणारा पार्ट) गेला. तो बॅटरीचं पाणी आटवेल आणि बल्ब जाळत सुटेल. बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे.

एक जुनी पद्धत कृपा करून वापरू नका: गाडी चालू ठेवून बॅटरीची केबल काढून "अल्टरनेटर चालतो का" बघणं. डायनामोच्या काळात ते खपून जायचं. अल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्ट उसळतात आणि चांगला डायोड जातो.

८. चावी लावल्यावर तो लाल दिवा पेटतच नाही, आणि गाडी चार्जही होत नाही. दोन वेगळे दोष आहेत का?

बहुधा एकच, आणि तोही बल्बचा. कित्येक जुन्या अल्टरनेटरना जागं करायला लागणारा पहिला करंट याच दिव्यातून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर झोपूनच राहतो, किंवा गाडी खूप रेस केल्यावर एकदाचा उठतो. दुरुस्तीला देण्याआधी डॅशबोर्डचा बल्ब बदला. त्याच वॉटचा साधा बल्ब टाका; एलईडी टाकली तर पुरेसा करंट जात नाही आणि तक्रार कायम राहते.

९. एकच फ्यूज सारखा उडतो. जरा मोठा टाकला तर?

नको. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. १० च्या जागी ३० टाकलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर वितळेल, आणि ती सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे वितळते. पात्याच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

कधी उडतो ते बघा. चावी लावताक्षणी उडत असेल तर वायर थेट बॉडीला लागली आहे. खड्ड्यात उडत असेल तर वायर कुठेतरी घासतेय: दाराच्या बिजागरीपाशी, मागच्या हौद्याखाली, फायरवॉलच्या भोकात रबर निघालं असेल तिथे. वायपर लावल्यावर दोन-चार मिनिटांनी उडत असेल तर मोटर किंवा सांधा जड झालाय, वायरीचा दोष नाही.

शोधताना फ्यूज जाळत बसू नका. फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असेपर्यंत लॅम्प लख्ख पेटलेला राहील. मग वायरिंगचा जुडगा थोडा थोडा हलवत पुढे सरका. लॅम्प विझला किंवा लुकलुकला की हात जिथे आहे तिथे बघा.

१०. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद पेटतो, किंवा मागचे दिवे एकमेकांत मिसळतात. वायरिंग उलटसुलट झालंय का?

वायरिंगला कुणी हात लावला नसेल तर तो मागच्या दिव्याच्या अर्थचा दोष आहे. मागच्या बल्बमध्ये २१ वॉटची ब्रेकची आणि ५ वॉटची पार्किंगची, अशा दोन तारा असतात. अर्थ तुटला की ब्रेकच्या तारेतला करंट शेजारच्या तारेतून आणि पलीकडच्या बल्बांतून परतीची वाट काढतो. दिव्याच्या होल्डरपासून चासीच्या उघड्या लोखंडापर्यंत एक सुटी वायर धरून बघा. दिवे शहाणे झाले तर ती वायर कायमची लावा. हौद्याचे दिवे हौद्यावरच अर्थ केलेले असतात आणि हौदा चासीवर रबराच्या गाद्यांवर बसलेला असतो, त्यामुळे पिकअपला ही तक्रार फार.

इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. एलईडी बल्ब बसवले असतील तर जुन्या फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या पार्टला) लोड कमी पडतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर घ्या.

हेडलाइट पिवळट असतील तर तेही इथेच सांगतो. व्होल्ट १० टक्के कमी झाले तर हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के घटतो. दिवे लावून बल्बच्या पिनांवर मोजा आणि बॅटरीवर मोजा. फरक १ व्होल्टच्या वर असेल तर जास्त वॉटचे बल्ब टाकू नका, जुना स्विच जळेल. बॅटरीपासून थेट जाड वायर आणि रिले टाकून घ्या.

११. पेट्रोल पिकअप: सेल्फ छान फिरतो, इंजिन पकडत नाही.

स्पार्क आहे का आणि पेट्रोल येतं का, हे दोनच प्रश्न. एक प्लग काढून त्याच्या वायरीत घाला, प्लगचं लोखंड इंजिनला टेकवून ठेवा (हाताने धरू नका) आणि सेल्फ मारा. सांडलेलं पेट्रोल किंवा त्याचा वास असेल तर हे मुळीच करू नका. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे संपर्क) आणि त्यांना जोडलेला कंडेन्सर बघा. पॉइंटवर खड्डा पडला असेल तर घासून साधारण ०.४ मिलिमीटरचं अंतर ठेवा. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो.

स्पार्क ठीक असेल तर एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरमध्ये बघत अॅक्सिलरेटर दाबा. पेट्रोलची बारीक धार उडायला हवी. नाही उडाली तर फिल्टर, पंप, किंवा फ्लोटची सुई अडकली आहे. काढलेला प्लग पेट्रोलने ओला असेल तर गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त झालं आहे: चोक पूर्ण उघडा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा.

या तक्रारीचा एक प्रकार भल्याभल्यांना चकवतो. सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन पकडतं आणि चावी सोडली की त्याच क्षणी बंद. जुन्या इग्निशनमध्ये कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो. सेल्फ मारताना कॉइलला तो टाळून थेट करंट मिळतो, चावी सोडली की त्याच्यातून. तो जळला की हुबेहूब असं होतं. कार्ब्युरेटर उघडण्याआधी हा छोटा, बहुधा पांढरा चिनी मातीचा पार्ट तपासा.

१२. डिझेल पिकअप: सेल्फ छान फिरतो, पकडत नाही.

सायलेन्सर बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. थंडीतच असं होत असेल तर हीटर प्लग (थंड सिलिंडर आतून तापवणारा). प्रत्येक प्लगची वायर काढा आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून टेस्ट लॅम्प प्लगच्या टोकाला लावा. पेटला तर प्लगची तार शाबूत.

धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. चावी लावल्यावर पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा हलका "टक" ऐकू येतो का? नसेल तर तिथे १२ व्होल्ट आहेत का बघा. तो ठीक असेल तर गाडीने एअर धरली आहे, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली आहे. टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की हे होतंच. फिल्टरवरचा ब्लीडर (हवा सोडायचा स्क्रू) थोडा ढिला करा, हातपंप मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की पंप चालू असतानाच ब्लीडर आवळा. रोज सकाळी एअर धरत असेल आणि कुठेच गळती दिसत नसेल तर टाकी ते पंप यांच्यातला एखादा रबरी पाइप तडकला आहे: त्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

चालू इंजिनाच्या नोझलच्या पाइपांपाशी गळती बोटाने शोधू नका. तिथला दाब इतका असतो की डिझेलची बारीक फवारणी कातडीतून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा, आणि तरी लागलीच तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

१३. अर्धा तास मस्त चालते, मग आचके देत बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा चालू. का?

बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच तपासा, थंड झाल्यावर पुरावा जातो. पहिल्यांदा टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ही तक्रार पेट्रोल-डिझेल दोन्हींत येते आणि तिच्यापायी चांगले पंप बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

झाकणाने फरक पडला नाही तर पेट्रोल गाडीत ठिणगी बघा (प्रश्न ११). कॉइल तापली की आतली तार सुटते, थंड झाली की जुळते. ठिणगी असेल आणि उन्हाळ्यात, चढावर, हळू चालवताना होत असेल तर पाइपात पेट्रोलची वाफ अडकते. पाइप सायलेन्सरच्या फार जवळून गेलाय का बघा. डिझेल असेल तर फिल्टर बुजलाय का पाहा.

१४. धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा: डिझेल जास्त किंवा हवा कमी, पहिल्यांदा एअर फिल्टर. निळा: ऑइल जळतंय. सकाळी चालू करताना एक झुरका येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील, रेस केल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. थंड सकाळी विरळ पांढरी वाफ येऊन थांबते ती पाणी असतं, तिची काळजी नको. गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. पुढच्या उत्तरातली हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) खूण तपासा.

१५. गाडी तापते. थर्मोस्टॅट काढून टाकू का?

काढू नका. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती झडप आहे; ती नसली की इंजिन फार वेळ थंड राहतं, डिझेल जास्त पितं आणि सिलिंडर झिजतो. दोष कुठे आहे ते गाडी कधी तापते यावरून ओळखा. हळू चालवताना किंवा उभी असताना तापते आणि वेग धरला की उतरते, तर पंखा, त्याचा क्लच किंवा बेल्ट. वेगात आणि चढावर तापते, तर रेडिएटर आतून भरलाय किंवा बाहेरून मातीने बुजलाय. थर्मोस्टॅटची शंका असेल तर काढून गरम पाण्यात टाका. बहुतेक ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात.

रेडिएटरचं झाकण लोक विसरतात. ते सुमारे ०.९ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि १०० ला पाणी उसळून बाहेर येतं. म्हणूनच गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही: दाब सुटताक्षणी आतलं सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं.

थंड इंजिनावर झाकण उघडून मग चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलची काठी दुधी निघाली, तर हेड गॅस्केट. तिथून पुढे गाडी चालवू नका.

१६. ऑइलचा दिवा स्लोवर (अॅक्सिलरेटर न दाबता) लुकलुकतो. आणि काठीवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलंय!

या दोन तक्रारी एकत्र आल्या तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पेट्रोल मिसळतंय. इंजिनावर बसवलेल्या मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला की असं होतं. काठी हुंगून बघा. ऑइल पातळ झालं की बेअरिंग खातात, त्यामुळे पंप दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

नुसता दिवाच लुकलुकत असेल तर पातळी बघा, मग स्विचची वायर काढा. वायर काढूनही दिवा पेटलेला राहिला तर ती वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. विझला तर दिव्यावर विश्वास ठेवा आणि स्विचच्या जागी गेज लावून खरा दाब मोजून घ्या. चालताना हा दिवा लख्ख पेटला तर इंजिन त्याच जागी बंद.

१७. पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदम वर गेले. इंजिन तापलंय का?

रेडिएटरवर वाफ नसेल आणि टाकीतही तेवढं पेट्रोल नसेल, तर दोन्ही काट्यांना मिळणारे व्होल्ट बिघडलेत. डॅशबोर्डमागे दोन्ही काट्यांचा मिळून एक छोटा स्टॅबिलायझर असतो. त्याचा अर्थ सुटला की काट्यांना पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. एकच काटा चुकत असेल तर त्याचा सेंडर (टाकीत किंवा इंजिनावर बसलेला मोजणारा पार्ट) किंवा त्याची वायर.

१८. चावी काढली तरी डिझेल इंजिन चालूच राहतं. कसं थांबवू?

चौथ्या गिअरमध्ये टाका, ब्रेक घट्ट दाबा, क्लच हळूहळू सोडा. इंजिन गुदमरून थांबतं. नंतर स्टॉपची केबल किंवा सोलेनॉइड बघा. टर्बो असलेल्या गाडीत इंजिन आपोआप रेस होत सुटलं तर ते टर्बोतून गळणारं ऑइल पीत असतं. हीच युक्ती ताबडतोब करा. जमली नाही तर लांब व्हा. हवेच्या पाइपवर हात ठेवू नका, ती ओढ भयंकर असते.

१९. जंपर केबल कुठल्या क्रमाने लावायच्या?

उतरलेल्या बॅटरीचा पॉझिटिव्ह, मग चांगल्या बॅटरीचा पॉझिटिव्ह, मग चांगलीचा निगेटिव्ह, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ते टोक बॅटरीवर लावायचं नाही. काढताना उलट क्रम. गाडी पकडली की काही मिनिटं दोन्ही तशाच चालू द्या.

अपवाद: १९६० च्या दशकापर्यंतच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. फार जुनी गाडी असेल तर कुठली केबल चासीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा, मगच जंपर लावा. आणि २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टची पिकअप चालू करू नका.

२०. दोष फक्त पावसात किंवा खड्ड्यात येतो. मेकॅनिककडे नेली की गाडी ठणठणीत. शोधायचं कसं?

दोष घरीच उभा करा. पावसातला असेल तर अंधार पडल्यावर बोनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाण्याचा हलका फवारा मारा. वायरीचं रबर तडकलं असेल तिथे निळ्या ठिणग्या नाचताना दिसतील. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र हा प्रयोग आधी गळती काढल्यावरच.

खड्ड्यातला असेल तर तो दिवा किंवा ते यंत्र चालू ठेवून वायरिंगचा प्रत्येक जोड एकेक करून हलवा, ओढा, दाबा. फ्यूज बॉक्सच्या मागची बाजू आणि चावीच्या स्विचचा सॉकेट चुकवू नका. चावी नुसती हलवल्यावर गाडी आचका देत असेल तर किल्ल्यांचा जड जुडगा लटकून स्विच झिजलाय.

तेवढ्यानेही सापडला नाही तर गाडीत एक वही ठेवा. दर वेळी तारीख, इंजिन गरम की थंड, कुठले दिवे लावलेले, रस्ता कसा, टाकीत किती, आणि काय केल्यावर पुन्हा चालू झाली, एवढं लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की मेकॅनिकला गाडीबरोबर वहीही द्या.